पट्टा ढिला नव्हता

रुकय्याबी परकारांनी पेटी आणली गोणपाटात गुंडाळून,
धोपाव्याहून, फेरीबोटीत मांडीवर धरून.
म्हणाल्या, फिरते, पण लंगडते.
मी इंजिनं दुरुस्त करतो. मचव्यांची, पंपांची, कधी गिरणीची.
पण दाभोळात काहीही लंगडलं
की माणसं माझ्याच शेडीत येतात.

सोबत तीन तबकड्या.
हुसेनमियाँनी वर्ना नावाच्या बंदरातून आणलेल्या,
काळ्या समुद्रावर जहाजाच्या बॉयलरची नळी फुटून
अकरा दिवस अडकले होते तेव्हा.
अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात
आणि इंग्रजी समजून वाचलीत तर फसवतात.

पहिली लावली.
व्हायोलिनं एकदम उठली,
जेटीवर माशांची पाटी उलटली की घारी उठतात तशी.
मागून पितळी आवाज, जाड, भोंग्याचा भाऊबंद,
आणि खाली ढोल, किंवा ढोलासारखं काहीतरी,
दोन, दोन,
मग एक पाय जरा जास्तच ओढून
पुन्हा दोन.
मी सुई उचलली. म्हटलं, पट्टा ढिला.

नवा रबरी पट्टा मागवला चिपळूणहून.
बेअरिंगला तेल दिलं.
खाऱ्या हवेचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला.
तबकडीवर खडूची खूण करून, घड्याळ समोर ठेवून
फेरे मोजले मिनिटाला तेहतीस
आणि वर एक तृतीयांश.
तरी लंगडायचं. तिथंच. तसंच.
दोन दिवस मी
धडधाकट गोष्ट दुरुस्त करत होतो.

तिसऱ्या रात्री जेवताना
बोटं ताटाच्या काठावर आपोआप चालायला लागली.
भजनी मंडळात पखवाज माझ्याकडे असतो, सोळा वर्षं झाली.
धी ना, धी ना, ती ती ना.
अरे, हा तर रूपक!
फक्त पाठमोरा दारातून शिरलेला,
तीनाचा लांब पाय आधी टाकायचा
तो शेवटी टाकतोय.
भात कालवलेला तसाच ठेवला.

पाकिटाच्या आतल्या बाजूला
हुसेनमियाँनी शिसपेन्सिलीने लिहून ठेवलंय:
दाराच्या चौकटीसारखं दिसतं ते प.
सी दिसतो तो स. बी म्हणजे व.
एवढ्या पान्यावर मी नावं खोलायला बसलो,
जाम झालेल्या नटासारखी, पाव पाव आटा फिरवत.
पि. प. को. व.
गो-ले-मि-नो-व.
तिसऱ्याचा स्तोयानोव सुटला
तेव्हा मशिदीत पहाटेची बांग झाली होती.

त्याखाली अजून दोन ओळी, घाईच्या:
दुकानातली बाई विचारत होती, यांना तुमच्या गावात ओळखतात का.
मी नाही म्हणून मान हलवली, तर बाई एकदम खूश. इथं मान हलवली की हो.

मग पेन्सिल दुसरी, बारीक टोकाची:
तिला खरं सांगायचं राहून गेलं.

काळजी नको, मियाँ.
गावात एक माणूस ओळखतो आता.
तुम्ही खोटं नव्हता बोललात,
नुसतं पंचेचाळीस वर्षं लवकर बोललात.

रुकय्याबी गुरुवारी आल्या.
टायरच्या ढिगावर बसून पूर्ण बाजू ऐकली,
पदराने मान पुसत.
सुई मधल्या गोलावर खरखरायला लागली तेव्हा म्हणाल्या,
अजून लंगडतंय की.
म्हटलं, चाची, ते तसंच आहे. बनवणाऱ्याने तसंच बनवलंय.
त्या बराच वेळ पेटीकडे बघत राहिल्या.
हे पण असंच सांगायचे, म्हणाल्या,
मला वाटायचं दुरुस्तीचे पैसे वाचवतात.

पट्ट्याचे साठ रुपये घेतले.
मजुरी कशाची लावणार?
पेटी पुन्हा गोणपाटात गेली, पुन्हा मांडीवर.
धक्क्यावरून बघत होतो, बोट खाडीच्या मध्यावर जाईपर्यंत.
तिचं इंजिन चारात चालतं,
बिनचूक, कंटाळवाणं.
मीच बसवलंय.